शरणप्पा भाकरी शिकले

शरणप्पांना सगळ्याचाच वास यायचा. ताकाला भांड्याचा, भांड्याला राखेचा, वरणाला गोणपाटाचा. रेणापूरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं धोतराच्या पानाला तेलकट बोट लावलं, की शरणप्पांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं आणि गिऱ्हाईक आपोआप दोन पावलं मागं सरकायचं. माणूस लबाड नव्हता. मापात मारत नव्हता, बाटलीला शिवत नव्हता, सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून, तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नव्हता. पण जेवायला बसला की ह्या सज्जन माणसाला काय व्हायचं कोण जाणे. ते सांगतानासुद्धा किळस येते.

दोन घास खायचे. तिसऱ्या घासाला नाक मुरडायचं. मग तोंडातला चावलेला घास तसाच ताटाच्या कडेला काढून ठेवायचा आणि दोन बोटांनी ताट असं सरकवायचं, की ते थेट चुलीपाशी बसलेल्या बायकोच्या गुडघ्याला लागावं.

"हे काय माणसाचं खाणं हाय का?"

बायकोचं नाव जगदेवी. ती उलट बोलायची नाही. दुसरं ताट वाढून पुढं करायची, त्यातलं निम्मंशिम्मं पोटात ढकलून शरणप्पा दुकानाला जायचे. अठ्ठावीस वर्षं हा असाच खेळ चालला. पोटी एक मुलगी होती, ती लग्न होऊन बिदरकडं गेली आणि सुटली. जगदेवी कुठं जाणार?

पण जायची वेळ आली. लातूर जिल्हा झाल्याला चार वर्षं झाली होती. नवी नवी हापिसं उघडली होती आणि त्यांत गावोगावच्या मुली नोकरीला लागल्या होत्या. जगदेवीच्या मेलेल्या बहिणीची मुलगी शिवकांता त्यांतलीच एक. तिनं आणि आणखी तिघींनी मिळून लातुरात दोन खोल्या घेतल्या होत्या. खानावळीचं खाऊन त्यांतल्या एकीला कावीळ झाली, तेव्हा शिवकांता रेणापूरला आली आणि म्हणाली, "काका, पंधरा दिवस मावशीला न्यावं म्हनते." पंधरा दिवसांचा तर प्रश्न, म्हणून शरणप्पांनी होकार दिला. त्या वेळी दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रेणा नदीत वाळू नुसती तापत पडलेली, टँकर दिवसाआड यायचा, दुकानात माशासुद्धा फिरकत नव्हत्या.

जगदेवी गेली, आणि पहिल्या तीन दिवसांतच शरणप्पांना कळलं, की आपल्याला चूल पेटवतासुद्धा येत नाही.

ते थोरल्या भावाकडं, चंद्रप्पांकडं जेवायला जाऊ लागले. दोन दिवस जिभेला आवर घातला. तिसऱ्या दिवशी जित्याची खोड उसळली आणि आमटीचं ताट सरकवलं गेलं. भावजय गंगम्मा काही जगदेवी नव्हती. तिनं ते ताट उचललं आणि पोराबाळांसमोर पुन्हा त्यांच्याच पुढ्यात ठेवलं.

"भावजी, आमच्या घरात ताट धुवून पितात. सरकवत न्हाईत."

बोलली त्यात खोटं काही नव्हतं. गळ्यात लिंग बांधलेल्या माणसानं ताटात कण टाकायचा नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं पुसून, ते पाणी पिऊन उठायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. स्वामी घरी जेवायला आले की शरणप्पा स्वतः मोठ्या भक्तीनं ताट धुऊन प्यायचे. रोजच्या रोज कोण बघायला बसलंय? शरणप्पा खाली मान घालून आमटी प्याले आणि चौथ्या दिवसापासून तिकडं फिरकले नाहीत.

स्टँडवरच्या खानावळीत गेले, तर शेजारच्या पातेल्यात मटण रटरटत होतं. उमासा आला तसे दारातूनच माघारी आले. मग रोज चुरमुरे, फरसाण आणि बिस्किटं. पोट बांधल्यासारखं झालं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, जगदेवी येईना. शेवटी त्यांनी कार्ड टाकलं : जेवणाचे हाल होत आहेत, ताबडतोब निघून यावे. उलट टपाली चौथी शिकलेल्या जगदेवीच्या मोठाल्या अक्षरात उत्तर आलं. जेवणाचे हाल होत असतील तर भाकरी, वरण आणि पिठलं, एवढं शिकून घ्यावं. मग बोलू.

शरणप्पांनी ते कार्ड चार वेळा वाचलं. बायकोनं नवऱ्याला स्वयंपाक शिक म्हणावं! ह्या लातुराला जिल्हा करून सरकारनं बायकांची डोकी फिरवली, असं त्यांचं ठाम मत झालं. पण राग ओसरल्यावर त्यांनी शेवटचे दोन शब्द धरून ठेवले. मग बोलू, म्हणजे शिकलो की येणार. अट घातलीय बाईनं. अटीवर व्यवहार करायची व्यापाऱ्याला सवय असते. तीन जिन्नस शिकायचे आणि बायको घरी आणायची, एवढाच सौदा होता.

शिकवायला सापडली शेजारची केवळाबाई. साठीची विधवा, शेतकऱ्याच्या घरातली, तोंडाची फटकळ. "मीच देते की आप्पा दोन भाकरी थापून," असं ती आधी म्हणाली होती. पण तिच्या घरात कोंबडं शिजायचं, तेव्हा तिच्या हातचं कसं चालणार? आणि तिला आपल्या सैपाकघरात तरी कसं घेणार? शेवटी असं ठरलं, की केवळाबाईनं उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायचं आणि तिथूनच सांगायचं. हात मात्र आप्पांचे.

"परातीत पीठ घ्या. मधी खड्डा करा. आता उकळतं पानी घाला त्यात. थंड न्हाई, उकळतं! रेशनची जवारी हाय, जुनी. पिठाची विरी गेलीया, चिकटपना ऱ्हायला न्हाई. थंड पान्यानं भाकरी चिरती."

शरणप्पांनी पाणी घातलं आणि अंगठा आणि एक बोट एवढंच पिठात बुडवलं. चिकट, गरम, दमट पीठ नखाशी गेलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

"शेनाला हात लावल्यावानी काय करायलेत?" केवळाबाई ओरडली. "तळहात घाला! रेटा लावा! पातळ कापडाचा पोत बघायलेत व्हय?"

कोपरापर्यंत पीठ, डोळ्यांत धूर, नाकातून पाणी, आणि ते पाणी पुसायला हात मोकळा नाही. थापताना भाकरीचे तीन तुकडे झाले. तव्यावर टाकताना चौथा झाला. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं लगदा, मधल्या मध्ये बोट भाजलं ते वेगळंच. शरणप्पांनी त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला आणि अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं तो परत ताटाच्या कडेला काढून ठेवला. मग ताट उचलून ते उकिरड्याकडं निघाले.

"टाकता व्हय?" केवळाबाईनं दारातच अडवलं. "लोक रोजगार हमीवर खडी फोडून मूठभर जवारी आनायलेत, आन् तुमी टाकता?"

"मग काय करू? हे कोण खाणार?"

"जगदेवीआक्का काय करायची?"

"कशाचं?"

"तुमी सरकवलेल्या ताटाचं, आनि कशाचं!"

शरणप्पा ताट धरून उभेच राहिले. हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता.

"खायची," केवळाबाई म्हणाली. "हितं, ह्या दाराआड बसून. तुमी दुकानाला गेले की. दुसरं ताट वाढायची ना तुमाला, ती तिच्या वाटनीची भाकरी असायची. मंग तिला काय उरनार? हेच. तुमी चिवडलेलं. म्या एक डाव इचारलं, आक्का, कुत्र्याला घाल की. तर म्हनली, त्यांनी लिंग बांधलंय, त्यांच्या ताटात राहिलेलं टाकलं तर घराला पाप लागंल. खायची, ताट धुवायची आन् ते पानी प्यायची."

शरणप्पांची नजर ताटाच्या कडेला गेली. तिथं त्यांनी आत्ताच काढून ठेवलेला घास होता, लाळेनं चमकणारा, दातांची खूण असलेला.

"हा... घास बी?"

"ताट म्हनल्यावर समदंच आलं की."

आयुष्यभर त्यांना जगाची किळस आली होती. आज पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाची आली. ते मागं फिरले, पाटावर बसले आणि तो घास त्यांनी उचलला. स्वतःचाच होता, तरी नरड्याखाली उतरेना. डोळे मिटून गिळला. मग कोळसा खाल्ला, लगदा खाल्ला. ताटात पाणी घातलं, तर त्यावर काजळी तरंगायला लागली. तेही प्याले. केवळाबाई पदर सावरत घरी गेली.

त्यानंतर मात्र शरणप्पा हट्टाला पेटले. रोज सकाळी परात, रोज केवळाबाई उंबऱ्याबाहेर. डाळ दोन दोन तास शिजवली तरी गोट्यांसारखी राहायची. "बोअरचं पानी खारं हाय, त्यात डाळ शिजत न्हाई," केवळाबाई म्हणाली. "आक्का टँकरचं पानी डाळीपुरतं बाजूला ठेवायची. न्हाई मिळालं तर रातीच भिजवायची." दर उन्हाळ्यात डाळ कच्ची म्हणून सरकवलेली सगळी ताटं शरणप्पांना एकदम आठवली. पिठल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या. बेसन उकळत्या पाण्यात घालायचं नसतं, आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचं असतं, हे गुठळ्या खाऊन कळलं. जे बिघडलं ते स्वतः खाल्लं आणि ताट धुऊन प्याले. तीन आठवड्यांत ते पायलीभर खारट, करपट आणि कच्चं पोटात घालून बसले होते, आणि एका सकाळी तव्यावरची भाकरी विस्तवाला लावली तर ती टम्म फुगली.

"जमलं की हो आप्पा!" केवळाबाई म्हणाली.

त्याच दिवशी त्यांनी चार भाकऱ्या, पिठलं आणि वरण डब्यात भरलं, धुतलेलं धोतर नेसले आणि लातूरची एसटी धरली. गाडीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. काय बोलायचं, ते मनात घोळवत होते. चूक झाली, हे म्हणायचं. मग, चल घरी. बाई मनानं मऊ आहे, येईल.

जगदेवी दारातच दिसली आणि क्षणभर त्यांनी तिला ओळखलंच नाही. गालांवर मांस आलं होतं. एका मुलीला ती चढ्या आवाजात भाजी नीट निवडायला सांगत होती, आणि ती मुलगी हसत ऐकत होती. शरणप्पांना बघून तिनं पदर सारखा केला, पाणी दिलं.

"शिकलो," शरणप्पा म्हणाले आणि डबा पुढं ठेवला.

ती जेवायला बसली. बायको जेवताना कशी दिसते, हे शरणप्पांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. सावकाश खात होती, प्रत्येक घास नीट चावून. दोन भाकऱ्या संपवल्या.

"भाकरी चांगली झालीया," ती म्हणाली. "डाळ बी शिजली. भिजवली व्हती?"

"रातीच." मग त्यांना राहवेना. "त्या ताटांचं मला केवळाबाईनं सांगितलं. मला खरंच ठाऊक नव्हतं, जगदेवी."

लग्नापासून त्यांनी तिला नावानं हाक मारलेली नव्हती. तिनं वर बघितलं, पण तिच्या डोळ्यांत काही हाललं नाही.

"ठाऊक नव्हतं? रोज ताट लख्ख व्हायचं, ते काय मांजर चाटत व्हतं?"

शरणप्पांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "साडेपाचची गाडी हाय. चल."

"कशाला?"

त्यांनी तोंड उघडलं. जेवणाचे हाल होतात, हे म्हणता येईना. डबा समोरच होता. दुसरं काय म्हणायचं, ते अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कधी जमवलंच नव्हतं.

"तू लिहिलं व्हतंस," ते कसेबसे म्हणाले, "शिकलो की बोलू म्हनून."

"हाव. बोलतेच की." जगदेवीनं हात धुतले, पदराला पुसले. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "इथं आल्यापासून एकच भ्या व्हतं जिवाला, का तुमी तिकडं उपाशी मराल. त्या भ्यानंच मी कवातरी माघारी आले असते. आज ते गेलं. आता मी येत न्हाई."

आतून शिवकांतानं काकांसाठी चहा आणला. शरणप्पांनी तो घेतला आणि नाक न मुरडता शेवटच्या घोटापर्यंत प्याले.