सगळ्यात वरची लाल ओळ

विमलताई गेल्याचं मला धडगावच्या बसमध्ये फोनवर कळलं. वाटेतच उतरले आणि रस्त्याकडेला बसून राहिले... श्रद्धांजलीची भाषा मला येत नाही, मला पत्रकं येतात. पण या बाईचे उपकार सांगायलाच हवेत.

शहाद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या संघटनेला एक ॲप लिहून दिलं. मोबाइल घेऊन शेताच्या कडेनं चालायचं, नकाशा तयार. तो वनहक्काच्या दाव्याला जोडायचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पुरावा मागणाऱ्या कचेऱ्यांना ते आमचं उत्तर होतं. एकदा ग्रामसभा दोन दिवसांवर होती. नकाशातली एक चूक सुधारून ॲप नव्यानं तयार करायचं होतं, नाहीतर सगळ्या पाड्याचे दावे लटकणार. नेमकी तेव्हाच मी लॅपटॉपची सिस्टिम अपडेट केली. ॲप बांधायचं काम, म्हणजे बिल्ड, कोसळलं, पडदाभर लाल ओळी.

मी ताईंच्या ओट्यावर जाऊन सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीच्या नावानं ठणाणा केला. चालती कामं मोडणारे हे लोक... पत्रकाचा मथळाही तयार होता. ताई गवार मोडत होत्या.

"गाळ्या मंग दे. एरर काय शे, वाच."

मी शेवटची ओळ वाचली, बिल्ड फेल.

"ते तर माले भी दिसी ऱ्हायनं. तुले पत्रकनी सवय. मोठं अक्षर दिसनं का तठेच पयस. वर जाय, सगळ्यास्ना वर."

तिथे साधं वाक्य होतं: जुना कंपायलर सापडत नाही. कोडचं ॲप करणारा तो प्रोग्राम नव्या सिस्टिमनं काढून टाकला होता. बाकीच्या ओळी म्हणजे त्याचाच आरडाओरडा. ताईंनी तो नव्याच्या शेजारी पुन्हा बसवला, बिल्डच्या फाइलीत 'हाच वापर' अशी सूचना घातली आणि उरलेली गवार मोडायला घेतली. ॲप झालं. दावे ग्रामसभेत वेळेवर गेले. पत्रक मी लिहिलंच, पण मथळ्याआधी कारण शोधायची सवय मला त्या ओट्यावर लागली.

मागच्या आठवड्यात सिस्टिम पुन्हा बदलली, बिल्ड पुन्हा पडलं. दुसऱ्या पाड्याचे दावे अडले आणि विचारायला ताई नव्हत्या. वरून वाचत गेले, फाइल उघडली. त्या सूचनेच्या डोक्यावर मी कधीच न वाचलेली टीप होती: 'हा जुगाड आहे. सिस्टिम बदलली की मोडेल. नवा रस्ता सापडेल तो इथे लिहा. अडलं तर विमलला विचारा.'

रस्ता सापडायला दोन दिवस गेले. तो लिहिला, दावे पाठवले. टिपेतलं शेवटचं वाक्य तसंच ठेवलं आणि त्याखाली माझं नाव घातलं.