खोक्यावर छापलेला उजेड

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी टॉर्चचा विषय काढला की पाणी प्यायला उठायचो.

कळंबला माझं टॉर्च जोडायचं छोटं काम होतं. सुटे भाग बाहेरून यायचे. टॉर्चच्या खोक्यावर एलईडीच्या कंपनीचं नाव आणि खाली ‘शेवटपर्यंत तोच उजेड’ असं छापलेलं. पुढं तो एलईडी यायचा बंद झाला. व्यापाऱ्यानं दुसरा पाठवला. दिसायला तसाच, पण तापला की मंद व्हायचा. खोकी आधीच छापून पडली होती, मी तीच वापरली. आपल्याकडं गिऱ्हाईक दुकानातल्या भिंतीवर एकदा झोत मारून बघतं, लगेच विझवतं. तेवढ्यात फरक कुणाला कळणार?

त्यातलाच एक टॉर्च थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, दाजींनी, नेला.

एकदा दिवेलागणीला मी त्यांच्या तेरजवळच्या शेतात होतो. रात्री मोटारीला वीज येणार होती आणि विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी गाळ अडकलेला. दाजी टॉर्च गळ्यात अडकवून शेवाळलेल्या पायऱ्या उतरू लागले. खाली काळं पाणी.

“दाजी, वर या. सकाळी बघू.”

“मेव्हणं, टॉर्च तुमचा, आन् भेव बी तुमालाच व्हय?” खालून हसणं आलं.

उजेड फिका होत चालला. टॉर्च तापलाय, हे मला वरूनच कळलं. ओरडायला तोंड उघडलं, पण शेजारी बहीण उभी होती. मी तोंड मिटलं. तेवढ्यात पाय सरकल्याचा आवाज आला आणि पाणी उसळलं. मग काहीच नाही. “दाजी!” माझाच आवाज भिंतींना आपटून परत आला. बहिणीची नखं माझ्या दंडात रुतली.

बऱ्याच वेळानं खालून खोकला ऐकू आला. दोर टाकून त्यांना वर ओढलं.

“पायरी दिसलीच न्हाय,” ते कुडकुडत म्हणाले. “नजर गेली बघा माझी.”

मी ‘असेल’ म्हणून मान हलवली.

डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, तरी दाजींना पटलं नाही. त्यांनी मोटारसायकल सोडली, शेत दुसऱ्याला बटईनं कसायला दिलं, घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालू लागले. मी दर खेपेला सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परतायचो. यंदा ते गेले.

दाजी, तुमची नजर चांगली होती. टॉर्च मंद होणार हे मला ठाऊक होतं. मला माफ करा.