मानसिंगरावांचा लगाम

देवासच्या मानसिंगराव मोऱ्यांचे पूर्वज म्हणे दरबारच्या पागेत होते. एवढ्या भांडवलावर हा माणूस पिकअपच्या एक्सीलेटरच्या तारेला लगाम म्हणतो. मोनू मिस्त्रीने एकदा समजावून पाहिलं, "भिया, लगाम खेचली की घोडा थांबतो. ही तार खेचली की गाडी पळते." मानसिंगरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मिस्त्री बदलला.

गाडी सत्तावीस वर्षांची. दोन वर्षांपासून चढ आला की धापा टाकायची. मुलगा राजवर्धन बँकेत नोकरीला. त्याने परस्पर भंगारवाला ठरवून टाकला. दारात ती गाडी नसेल तर सकाळी उठायचं कशाला, हे मानसिंगरावांना खरोखर समजेना. दोन दिवस ते जेवले नाहीत, तेव्हा कुठे ठरलं: सोयाबीनची पोती भरून गाडी न थांबता उदयनगरकडचा घाट चढली, तर राहील. नाही तर जाईल.

शनिवारी त्यांनी बॉनेट उघडलं. तार चांगली लोंबत होती. नट सोडून त्यांनी ती कचकचून ताणली, कारण ढिलाई घराण्याला मंजूर नव्हती. गाडी सुरू केली तर इंजिन उभ्या जागी बोंबलायला लागलं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग मुकाट्याने त्यांनी पाव इंच ढील परत दिली, आणि इंजिन ताळ्यावर आलं.

आता इंजिन बंद करून त्यांनी भवानीबाईंना, म्हणजे पत्नीला, एक्सीलेटरवर पाय ठेवून आत बसवलं आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहिले.

"दाबा."

तारेच्या टोकाची, इंजिनात डिझेल सोडणारी खटकी अर्ध्यावर येऊन थांबली.

"पूर्ण दाबा हो."

"पूर्णच दाबलंय. याच्या आगे तुमची गोधडी आहे."

झालं. गाडी म्हणजे लक्ष्मी, तेव्हा मानसिंगराव चप्पल बाहेर काढून आत बसणार. उन्हाळ्यात तळपाय भाजतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनीच पायाखाली चौघडी गोधडी अंथरली होती. एक्सीलेटरचं पॅडल तिच्यावरच टेकत होतं. दोन वर्षं हा माणूस गोधडी दाबत होता आणि शिव्या गाडीला देत होता.

गोधडी निघाली. रविवारी पोती भरली, राजवर्धन शेजारी बसला, आणि गाडी घाट अशी चढली की वाटेत दोन ट्रॅक्टर मागे पडले. वर पोचल्यावर राजवर्धनने भंगारवाल्याला फोन लावला, "भिया, गाडी नहीं बेचनी."

मानसिंगरावांना इतका आनंद झाला की त्यांना गप्प बसवेना. त्यांनी गोधडीची सगळी हकीकत रंगवून सांगितली आणि स्वतःच पोट धरून हसले.

राजवर्धन हसला नाही. "दोन वर्षं, आबासाहेब? आणि पायाला कळलं नाही?"

"अरे, ती जाड—"

"ब्रेकखाली पण होती?"

मानसिंगरावांनी समोरच्या झाडाकडे पाहिलं. "थोडीशी."

"गाडी राहील," मुलगा हळूच म्हणाला. "पण चालवणार मी. चाबी द्या."

मानसिंगरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी चाबी दिली, खाली उतरले, वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. ते दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, हे त्यांना सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं.