दोन बोटं माया

शिवताना आतल्या बाजूला दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढं कंबर वाढली की उसवून तेवढं सोडायचं. टेपकाकूनं सव्वीस वर्षं गल्लीभराच्या कपड्यांत माया ठेवली, आणि सगळ्यांत जास्त नवऱ्याच्या पँटींत.

नवरा खाऊच्या कंपनीची गाडी चालवायचा. चेपलेली खोकी घरी यायची. चिप्स, क्रीमची बिस्किटं, सरबताची पावडर. "फुकट ते पौष्टिक," असं त्याचं शास्त्र. काकू कडधान्यं उकडायची, काकडी-गाजर चिरायची. तो ताट सरकवायचा. "बकरीचं पान चुकून माझ्यापुढं आलं वाटतं!" दर वर्षी काकू माया सोडायची. गेल्या वर्षी सोडायला उरलीच नाही.

आणि आज तो ढिल्या पँटची कंबर मुठीत धरून उभा होता.

"अगं, आत घे. दोन इंच उतरलो! हिरवं पान छापलेली बिस्किटं खातोय महिनाभर. तू उगीच कटकट करतेस."

"पान पुढं छापलंय. आत काय घातलंय ते मागं मुंगीएवढ्या अक्षरांत. ते वाचलंत?"

त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. सकाळपासूनचा तिसरा. काकूनं टेप लावला. दोन नव्हे, तीन इंच.

तिची नजर खुंटीवर गेली. तिथं बँडमास्तरांची काळी पँट दोन वर्षं लटकत होती. तेही असेच हसत आले होते, काखेत पाण्याची बाटली घेऊन. महिन्यात दोनदा कंबर आत घेतली. तिसऱ्यांदा टाकून गेले. न्यायला कुणी आलं नाही.

"आधी रक्त तपासून या. मग शिवते."

"पँट ढिली झाली म्हणून रक्त? डॉक्टरकी कुठं शिकलीस?"

"टेपपाशी."

"मग मी कामावर काय सुतळी बांधून जाऊ?"

काकूनं खुंटीवरची पँट काढून त्याच्या हातात दिली. "ही घाला. तयारच आहे."

ती कुणाची, हे त्याला ठाऊक होतं. मास्तरांच्या तिरडीला त्यानंच खांदा दिला होता. त्याचं हसू तिथंच थांबलं. पँट खुर्चीवर ठेवून तो सुतळी बांधूनच बाहेर पडला.

दुपारी परतला तो हातात घडी घातलेला कागद घेऊन. कोपऱ्यातल्या खोक्यांकडं त्यानं पाहिलंही नाही. ताटासमोर बसला, गाजराचा तुकडा उचलला आणि धरूनच राहिला.

"मास्तरांचा साखरेचा आकडा किती होता गं?"

"मला त्यांची फक्त कंबर ठाऊक."

"डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कुठं होतात?"

काकूनं कागद उघडला नाही. खोकी उचलून दाराबाहेर ठेवली आणि मशीनवर बसली. पँट तीन इंच आत घेतली, पण जास्तीच्या कापडाला कात्री लावली नाही. ते सगळं आत मुडपून ठेवलं.

पाठीमागं तो पुन्हा तांब्या भरत होता.