नवरंगाची शीळ

यासीन मिक्सर-पंखे दुरुस्त करतो आणि उरलेल्या जिवाने पक्षी बघतो. बीडच्या नदीकाठच्या बागेत लोक पोट कमी करायला चकरा मारतात आणि गेटावर भेळ खाऊन ते परत वाढवतात. यासीन मात्र मान वर करून फिरतो. एकदा असाच गटारात पडला, तरी मान खाली आली नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटतो.

जूनच्या सुरुवातीला त्याला करंजाखालच्या पाचोळ्यात नवरंग दिसला. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा. हा पाहुणा आमच्याकडे वाटेत जरासा टेकतो आणि पुढे जातो. यासीनने पक्षीमित्रांच्या ग्रुपवर कळवलं. उत्तर आलं, ‘खंड्या असेल, चष्मा बदला.’ खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा घेऊन तो मलाही ओढत बागेत घेऊन गेला. दुकानातला छोटा स्पीकर त्याने झुडपात ठेवला आणि मोबाईलवरून नवरंगाची शीळ लावली. दुसरा कोण आला ते बघायला खरा पक्षी लपण सोडून बाहेर येतो, अशी ती युक्ती.

शीळ सुरू झाली आणि मी आजूबाजूला बघितलं. एरवी कान किटवणारे सातभाई पक्षी चिडीचूप होते. पाण्याच्या टाकीवर शिक्रा बसला होता. पाखरं, सरडे मारून पोट भरतो तो.

“यासीन, शिक्रा हाय बे वर. बंद कर ते.”

“रोजच असतो तो, बद्रीभाऊ. एक फोटो काढू द्या. आला बघा!”

नवरंग उघड्यावर आला. मान ताठ करून त्याने उत्तर दिलं. कॅमेरा कटकट वाजत होता. शिक्रा कधी सुटला ते आम्हाला कळलंच नाही.

शेवटचा फोटो अगदी स्पष्ट आला. पंज्याखाली नवरंग. आता कुणी खंड्या म्हणणार नव्हतं.

“मीच बोलावलं त्याला,” यासीन म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. झुडपात स्पीकर अजून शीळ घालतच होता.

तेवढ्यात करंजामागून दुसऱ्या नवरंगाने त्या शिळेला उत्तर दिलं.

शिक्र्याने पिसं उपटणं थांबवलं आणि मान वळवली. यासीनचं बोट मोबाईलवर जागेवर पडेना. शेवटी तो झुडपात घुसला, स्पीकर उचलला आणि दगडावर आपटला. स्पीकरची शीळ थांबली.

दुसरी मात्र आता उघड्यावरून येत होती.