तेल पाजलेली फळी

अंदमानला जायचं मनात आलं तेव्हा आमच्या आळीतला दुकानवाला म्हणाला, "काय काका, ह्या वयात काळ्या पाण्याची शिक्षा?"

"शिक्षा कसली? लाटेवर उभं राहायला चाललोय," मी म्हटलं. तो इतका हसला की हातातली साखर तराजूबाहेर सांडली. मी साखर न घेताच घरी आलो. दुसरीकडून आणली.

हे वेड नातीचं. ती लांज्याला नोकरी करते आणि सुट्टी असली की भाट्याच्या समुद्रात फळीवर उभी राहते. बोर्ड म्हणतात त्याला. मी फळीच म्हणतो. तिची मित्रमंडळी अंदमानातल्या एका बेटावर जाणार होती. तिथं पाणी कोमट आणि लाट लांबलचक, असं ती जेवताना सांगत होती. मी म्हटलं, "मी पण येणार." सगळ्यांना थट्टाच वाटली. पण मी तिसरीत शाळा सोडली तीसुद्धा एकदा 'जाणार नाही' म्हटलं म्हणून. मग हो म्हटलेलं कसं सोडीन?

उभा जन्म मी मासेमारीत काढला. पण लाट फुटायला लागली की होडी तिच्यापासून लांब ठेवायची, एवढंच आम्हाला ठाऊक. तिच्या पाठीवर चढून किनाऱ्याला यायचं, ही गंमत ह्या पोरांना सुचली, आम्हाला कशी सुचली नाही? ह्या विचारानं मला झोप लागेना.

नात शेवटी म्हणाली, "आजोबा, आधी भाट्याला एकदा उभं राहून दाखवा. मगच तुमचं तिकीट काढते."

झालं, तयारी सुरू. पडवीत खडूनं फळीएवढी आकृती काढली. पालथं पडायचं, हात टेकायचे, झटक्यात उभं राहायचं. गुडघे कुरकुरायचे. बायको तांदूळ निवडत बसलेली असायची. "अहो, पडवीत पोहताय काय? आणि जरा सरका, खडे तुमच्या अंगाखाली जातायत." मी सरकत नसे. आकृती हलवून कसं चालेल?

परीक्षेच्या आदल्या दिवशी नात फळी घरी ठेवून कामाला गेली. मी ती अंगणात सावलीला घेतली आणि नीट पाहिली. वरच्या अंगाला पांढरट, चिकट थर, त्यात वाळू अडकलेली, केस अडकलेले. असली घाण घेऊन पाण्यात उतरायचं? करवंटीनं खरवडून सगळं काढलं. मग घरचं खोबरेल घेतलं आणि हातानं चोळचोळून तिला पाजलं. होडी पाण्यात लोटायच्या आधी तिला तेल पाजायचं, ही आमची रीत. पुढच्या टोकाला बायकोनं कुंकू लावलं. फळी अशी चमकायला लागली की शेजारीण बघायला आली.

संध्याकाळी नात आली ती पायरीवरच बसली.

"आजोबा, वरचं मेण कुठाय?"

"मेण? ती घाण मी काढली."

"अहो, पाय सरकू नये म्हणून मुद्दाम लावतात ते! आणि हे तेल?"

"तू जन्मायच्या आधीपासून मी होड्यांना तेल पाजतोय."

"होडीत आत बसतात. हिच्यावर उभं राहायचं असतं."

"माझे पाय मला सांभाळतात," मी म्हटलं आणि आत गेलो.

सकाळी फळी तशीच नेली. बायको टॉवेल घेऊन वाळूत बसली. नातीनं मागून ढकललं, लाटेनं उचललं, मी हात टेकले आणि फळी साबणाच्या वडीसारखी खालून निसटली. नाकातोंडात खारं पाणी. पुन्हा चढलो, पुन्हा तेच. कुंकू ओघळून माझ्या बनियनला लागलं, तशी बायको किनाऱ्यावरून ओरडली, "रक्त आलं काय हो?" नात मात्र हसत नव्हती. हसली असती तर मला सोपं गेलं असतं. तिकिटावाचून कोरड्या वाळूतून मी घरी परततोय, असं मला दिसायला लागलं.

मी बाहेर आलो. "मेण आण," एवढंच म्हटलं.

तिनं पिशवी उघडली. आत भांडी घासायचा साबण, घासणी आणि मेणाची वडी. सगळं घरूनच आणलं होतं. बायको म्हणाली, "तरीच माझी घासणी सापडेना."

फळी मी घासली, पुसली, मेणही मीच चोळलं. चोळताना ओळखीचा वास आला. वडी नाकाशी नेली. नारळाचा वास!

"बघ," मी म्हटलं, "शेवटी नारळ लागतोच."

"हो आजोबा, लागतो," नात म्हणाली आणि आता हसली.

मग ती लाट आली. नातीनं ढकललं, मी हात टेकले, पडवीतल्यासारखा उठलो, आणि पाय धरले गेले! खाली पाणी सळसळत पळतंय, समोरून सुरूची झाडं माझ्याकडं येतायत, बायको टॉवेल टाकून उभी राहिलीय. ज्या लाटांना जन्मभर चुकवलं त्यांतली एक मला घेऊन घरी चालली होती. "तिकीट काढ गो!" मी ओरडलो. ओरडलो म्हणूनच पडलो, नाहीतर वाळूपर्यंत आलो असतो.

नातीनं तिथंच मोबाईल काढला. बायको म्हणाली, "दोन काढ. हे तिथं काय काय खरवडतील, बघायला कोणीतरी हवं."

आता पिशव्या भरून दारात आहेत. मेणाच्या वड्या मी माझ्या कपड्यांत गुंडाळल्यात. नव्या समुद्रात उतरायच्या आधी त्याला द्यायला आमच्या झाडाचा एक नारळ ठेवला होता, तो नातीनं काढून ठेवला. विमानात चालत नाही म्हणते, आणि तिथं नारळ ढीगभर मिळतात म्हणे. मिळत असतील. मी तो पुन्हा पिशवीत घातलाय.