वेलांटीबाई आणि छप्पर उघडणारे चौघे

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. चौतीस वर्षं तिनं प्रुफं तपासली. शाळेची पुस्तकं, औषधांच्या बाटल्यांबरोबर येणारे कागद, लग्नाच्या पत्रिका, काय वाट्टेल ते. डोळ्यांत तेल घालून बसायची आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक असली की तिचा लाल पेन्सिलीचा हात आपोआप उठायचा. एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव छापलं गेलं होतं, ते तिनंच आयत्या वेळी पकडलं. त्या वडिलांनी स्वतः येऊन पेढ्याएवढे मोठे डोळे करून तिचे आभार मानले होते.

निवृत्त झाली तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, आता रोज सकाळी तासभर बायबल आणि प्रार्थना. नोकरीत असताना ते कायम धावतपळत झालं होतं. बसमध्ये दोन ओळी, डबा भरताना अर्धी प्रार्थना. आता घाई कसली? सहाला उठायचं, स्वयंपाकघरातल्या खिडकीशी टेबल ओढायचं, चष्मा पुसायचा आणि निवांत बसायचं.

बसली. आणि तिसऱ्याच ओळीत तिला एक गळालेला अनुस्वार सापडला.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. डोळा अर्थाकडे जायलाच तयार नव्हता. इथे दोन शब्द चिकटलेत, तिथे पूर्णविराम अर्धाच उमटलाय, पानाचा आकडा किंचित तिरका आहे. दीड महिन्यात येशूची गोष्ट सांगणारी चारही शुभवर्तमानं वाचून संपली आणि तिच्याजवळ उरलं काय, तर अकरा चुका, पानांच्या आकड्यांसकट पाठ. चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या बैठकीत पाळकबाईंनी प्रेमानं विचारलं, “ताई, या महिन्यात वचनातून तुम्हाला काय मिळालं?”

“पान दोनशे एक्केचाळीस,” ती बोलून गेली, “खालून चौथी ओळ. ‘दिन’ आणि ‘दीन’मध्ये घोळ आहे.”

बायका खो खो हसल्या. तीही हसली, पण घरी येताना तिला वाईट वाटलं. मेजवानीला जाऊन ताटल्यांचे टवके मोजत बसावं, तसं आपलं झालंय, असं ती नवऱ्याला म्हणाली.

प्रार्थनेची तर आणखीच पंचाईत. डोळे मिटले की मनात वाक्य जुळायचं, ‘हे दयाळू आणि कृपाळू प्रभू’, आणि लगेच आतून आवाज यायचा, दोन्ही विशेषणं कशाला? एक काढ. मग कुठलं काढायचं यात दहा मिनिटं जायची. अर्धा तास झाला तरी पहिला परिच्छेद छपाईला जायचा नाही.

तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, तोही निवृत्त. त्याची प्रार्थना चहाला उकळी यायच्या आत उरकायची. “देवा, तू आहेस, मी आहे, बाकी तुला ठाऊकच. आमेन.”

“ही काय प्रार्थना झाली?” ती वैतागायची.

“गाडी सुरू झाली ना? मग हॉर्न कशाला वाजवत बसायचा?”

तिनं नाना उपाय केले. पेन्सिल कपाटात कुलूपबंद केली, तर नखानं खुणा होऊ लागल्या. चष्मा काढून पाहिला, तर काहीच दिसेना. नवऱ्यानं मोबाइलवर बायबलचं वाचन लावून दिलं, तर ती त्या वाचणाऱ्याचे उच्चार सुधारत बसली.

अशात एके दिवशी छतातून पाणी झिरपायला लागलं. ती दोघं सर्वांत वरच्या मजल्यावर राहायची, वर पत्रे होते. नवऱ्यानं पत्र्यांची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावलं. पन्नाशीचा, दांडगा, हसरा माणूस. दहानंतर पत्रा तापतो म्हणून ते सकाळी सहालाच हजर. म्हणजे नेमका तिचा प्रार्थनेचा तास, आणि डोक्यावर हातोडा. ठक् ठक् ठक्. पहिल्या दिवशी तिनं पुस्तक मिटूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाणी प्यायला खाली आले. त्यांनी टेबलावर उघडं बायबल पाहिलं आणि लाजून म्हणाले, “ताई, माझ्याकडं पण आहे. मुलीनं दिलंय. माझी शाळा तिसरीतच सुटली होती. आता संध्याकाळच्या वर्गाला जातो, अक्षरं लावून वाचतो.” मग घुटमळून म्हणाले, “थोडं वाचून दाखवू का? चुकलं तर सांगा.”

चुकलं तर सांगा! असं आमंत्रण वेलांटीबाईला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. तिनं लगेच खुर्ची पुढे ओढली.

मिस्त्रींनी तिच्याच पुस्तकात त्यांचं चालू असलेलं पान काढलं. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघेजण खाटेवरून येशूकडे घेऊन येतात, ती गोष्ट. जाडजूड बोट ओळीखाली ठेवून ते एकेक अक्षर जुळवत निघाले. चौथ्याच शब्दाला चुकले. तिनं सुधारलं. ते परत वाक्याच्या सुरुवातीला गेले. पुन्हा चुकले, तिनं पुन्हा सुधारलं, ते पुन्हा मागे. असं तीनदा झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण असंच टोकत राहिलो तर हे बिचारे आजारी माणसाला घेऊन दारापर्यंतसुद्धा पोचणार नाहीत. तिनं ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

मिस्त्री वाचत राहिले. चुकत, अडखळत, पण पुढे. गर्दीमुळे आत शिरता येईना, म्हणून ते चौघे वर चढले आणि त्यांनी छप्पर उघडलं. इथे मिस्त्री थांबले.

“छप्पर?” त्यांनी मान वर करून तिच्या छताकडे पाहिलं. “ताई, हे असलं काही यात आहे, मला कुणी सांगितलंच नव्हतं! चार दोर लागले असतील. सारख्या लांबीचे. एकानं जरी सैल सोडला तर माणूस घसरलाच. आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर किती माती पडली असेल! येशूच्या पण.”

वेलांटीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. ही गोष्ट तिनं शंभरदा वाचली होती. त्यात किती स्वल्पविराम आहेत हे तिनं सांगितलं असतं, पण त्या घराला छप्पर होतं हे तिला आज कळत होतं. केसांत माती पडलेला, मान वर करून त्या भोकातल्या चार घामेजलेल्या तोंडांकडे बघणारा येशू तिला लख्ख दिसला. आणि तो हसत होता.

“मग? ओरडला का तो त्यांना?” मिस्त्रींनी विचारलं.

“वाचा ना पुढे!” ती जवळजवळ ओरडलीच. उत्तर तिला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मिस्त्रींनी घाम पुसत शेवटपर्यंत वाचलं. तो माणूस उठला, स्वतःची खाट उचलून चालत गेला, तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. “चालत गेला! दारातून गेला असणार, छपरातून नाही!” मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “पण ताई, ते छप्पर नंतर नीट कुणी केलं?”

“ते लिहिलेलं नाही.”

“त्या चौघांनीच केलं असणार. चांगली माणसं होती. काम अर्धवट टाकून जाणार नाहीत.”

मिस्त्री वर गेले, हातोडा सुरू झाला. वेलांटीबाईनं डोळे मिटले आणि तिच्या तोंडून निघालं, “प्रभू, डोळ्यात गेली का रे माती?” ना विशेषण, ना परिच्छेद. पुढची वाक्यं अर्धीमुर्धीच आली, आणि एकही दुरुस्त करावंसं तिला वाटलं नाही. छप्पर उघडलेल्या त्या घराच्या मालकापासून सुरू होऊन ती बहिणीच्या गुडघ्यांवर आली, तिथून स्वतःच्या जुन्या रागांवर. कितीतरी वेळ बोलत होती.

नवरा दात घासत दारात आला. “कुणाशी हसतेस?”

“प्रभूशी.”

“बरं. चालू दे,” म्हणून तो पाऊल न वाजवता परत गेला.

छताचं काम आठवड्यात संपलं, पण मिस्त्री मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी वाचायला येत राहिले. एरवी ती एकटी बसली तरी आता मोठ्यानं वाचते, बोट ठेवून, सावकाश, आणि मिस्त्रींसारखे प्रश्न विचारते. किती जण होते? कुठे उभे होते? हातात काय होतं? डोळा अजूनही अधूनमधून अडकतो. परवाच बारावी चूक सापडली. “प्रभू, बारा झाल्या बरं का,” एवढं सांगून ती पुढच्या ओळीवर गेली.

हल्ली ती दोघं नोहाच्या तारवापाशी, म्हणजे महापुरासाठी बांधलेल्या त्या जहाजापाशी पोचलेत. आतून-बाहेरून डांबर लावायची आज्ञा वाचून मिस्त्री उडालेच. “आतूनसुद्धा! ताई, हे मी गिऱ्हाइकांना कंठशोष करून सांगतो, ऐकत नाहीत.” तेवढ्यात चहाचा कप घेऊन नवरा आला आणि उभ्या उभ्या त्यानं विचारलं, तारवाच्या एवढ्या मोठ्या दाराच्या बिजागऱ्या कशा असतील? मग तो बसला. मग त्यानं कागद मागितला. एवढ्याशा टेबलाभोवती तिघांची डोकी एकत्र आली, बिजागऱ्यांची चित्रं निघाली, आणि अखेर ते दार देवानं स्वतः बंद केलं, हे मिस्त्रींनी अक्षरं जुळवत वाचल्यावर नवऱ्यानं चित्रांचा कागद बाजूला सारला.

“पुढे?” त्यानं विचारलं.

मिस्त्रींना त्या दिवशी कामावर जायला पाऊण तास उशीर झाला.